आपले पोट आणि पाण्याचा हिशेब

दावणीला बसलेला बैल डोळे मिटून रवंथ करताना तुम्ही रोज पाहता. त्याच्या जठराला चार कप्पे असतात. घाईने गिळलेला कडबा तो सवडीने पुन्हा तोंडात आणून चावतो. माणसाला ही सोय नाही. आपल्या जठराचा कप्पा एकच, आणि गिळलेला घास परत चावायला मिळत नाही. म्हणून आपल्या पोटाची पहिली गिरणी म्हणजे आपले दात.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण कोणाला नवे नाही. त्याच्याच एका घासामागून आपण जाऊ या. भाकर नीट चावून पाहा, थोड्या वेळाने ती गोडसर लागते. लाळेतला पाचकरस पिठाची साखर करू लागतो, त्याची ही गोडी.

घास पुढे वीतभराहून थोड्या लांब अशा अन्ननलिकेतून जठरात उतरतो. जठर म्हणजे स्नायूंची पिशवी. तिथला आंबट, जहाल रस पुष्कळसे रोगजंतू मारतो आणि वरणातली प्रथिने फोडू लागतो. काही तास घुसळून झाले की घासाची पातळ पेज होते. ती थोडी थोडी लहान आतड्यात सोडली जाते.

लहान आतडे सुमारे ६ मीटर, म्हणजे वीस फूट लांब. खरे पचन इथेच होते. यकृतात तयार झालेले पित्त इथे येते आणि तेलातुपाचे बारीक थेंब करते. स्वादुपिंडाचा रस पीठ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिघांनाही फोडतो. आतड्याच्या आतल्या बाजूला असंख्य बारीक अंकुर असतात. पिकाची मुळे ओल शोषतात, तसे हे अंकुर अन्नरस शोषून रक्तात पाठवतात. उरलेला चोथा दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात जातो. तिथे त्यातले राहिलेले पाणीही आटवले जाते.

आता पाण्याचा हिशेब पाहा. मोठा माणूस दिवसाकाठी खाण्यापिण्यातून सुमारे २ लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचकरस मिळून आणखी सुमारे ७ लिटर शरीरच आतड्यात सोडते. या ९ लिटरांपैकी जवळजवळ सगळे पाणी परत शोषले जाते. शौचावाटे जेमतेम पावशेरभर बाहेर पडते.

पेरणी-डवरणीच्या दिवसांत पाणी गढूळ होते, त्यातून जंतू पोटात जातात आणि हा हिशेब उलटतो. शोषून घेण्याऐवजी आतडे पाणी सोडू लागते. हगवणीत लेकरू दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि मीठ निघून गेल्याने. तरीही अनेक घरांत ‘पाणी पाजले की हगवण वाढते’ म्हणून लेकराचे पाणी तोडतात. मायबहिणींनो, घात होतो तो इथेच.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांना पाजायला लावले. शंभरामागे तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

हे साधते कसे? नुसते पाणी बिघडलेल्या आतड्यात नीट शोषले जात नाही. पण मीठ आणि साखर जोडीने आली की आतडे त्यांना आत घेते, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत जाते. हगवणीतही ही वाट बहुधा उघडी असते. हीच आपली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस.

पुडी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ती सगळी विरघळवा. चोवीस तासांनंतर उरलेले पाणी फेकून द्या. पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप पाजा. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने द्या. अंगावरचे दूध आणि मऊ जेवण चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या मिळाल्या तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुऱ्या करा.

लेकरू मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, चिमटीत धरलेली कातडी लवकर सपाट होईना, शौचात रक्त दिसले किंवा पोटात काहीच ठरेना, तर शेतातले काम तसेच टाकून तडक दवाखाना गाठा. वाटेतही चमच्याने पाजत राहा.