नवउद्योजक आणि प्रारंभिक गुंतवणूकदार : नागपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

नव्या उद्योगाला भांडवल लागते, हे सर्वमान्य आहे. परंतु ज्या उद्योगाजवळ अद्याप नफा, तारण अथवा नावलौकिक नाही, त्याला पैसा कोण देतो व का देतो, हा स्वतंत्र प्रश्न आहे. सावनेर तालुक्यातील कन्हान नदीकाठचे खापा हे हातमागाच्या विणकामाची जुनी परंपरा असलेले गाव आहे. अशा गावातील पदवीधराला बँक आणि नातेवाईक यांपलीकडचा मार्ग सहसा माहीत नसतो. हा मार्ग म्हणजे प्रारंभिक गुंतवणूकदार. त्याचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक दाखला

जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी स्थापन केली व तिची गिरणी मुंबईऐवजी नागपुरात उभारली. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली हीच एम्प्रेस मिल. गिरणीची जागा सखल व दलदलीची होती. ती मातीने भरण्यासाठी पैसा देण्यास एका स्थानिक सावकाराने नकार दिला आणि पुढे, टाटांनी माती टाकून सोने काढले, अशी कबुली दिली, असे चरित्रकार नोंदवितात. सावकाराला केवळ खड्डा दिसला होता. कापसाचा प्रदेश, रेल्वे आणि वरोऱ्याचा कोळसा या तिन्ही गोष्टी टाटांनी विचारात घेतल्या होत्या. गुंतवणूकदाराला दिसत नसलेला हा आधार पुराव्यानिशी त्याच्यासमोर मांडणे, हे उद्योजकाचे पहिले काम होय.

आरंभीची यंत्रसामग्री निकृष्ट ठरल्याने गिरणीच्या भागांची किंमत घसरली होती. यंत्रे बदलल्यानंतर गिरणी सावरली. प्रारंभिक गुंतवणुकीत संयम का लागतो, हे यावरून लक्षात येते.

गुंतवणूकदाराची दृष्टी

बँक तारणावर कर्ज देते व व्याज घेते. प्रारंभिक गुंतवणूकदार मालकीचा हिस्सा घेतो. उद्योग बुडाल्यास त्याची संपूर्ण रक्कम बुडते. म्हणून तो उद्योजकाची सचोटी, ग्राहकांची गरज आणि हिशेब या तीन गोष्टी तपासतो. हातमागाच्या साड्या विकणाऱ्या उद्योजकाने बाजारपेठ मोठी आहे असे सांगणे पुरेसे नाही. किती ग्राहकांनी पैसे मोजले, किती पुन्हा आले, एका साडीमागे सूत व मजुरीचा खर्च किती आणि किती माल परत आला, हे आकडे अधिक विश्वास निर्माण करतात.

मालकीचे गणित

उद्योगाचे मूल्य ८० लाख रुपये ठरले व गुंतवणूकदाराने २० लाख रुपये घातले, तर एकूण मूल्य १ कोटी होते आणि त्याचा हिस्सा २० टक्के ठरतो. पुढील फेरीत पुन्हा २० टक्के हिस्सा दिल्यास संस्थापकाकडे ८० टक्क्यांचे ८० टक्के, म्हणजे ६४ टक्के मालकी उरते. आरंभीच अवाजवी हिस्सा दिल्यास पुढील गुंतवणूकदारासाठी वाव राहत नाही. मूल्य अवास्तव ठरविल्यास पुढील फेरीत ते घटण्याचा धोका असतो.

कायदेशीर चौकट

गावातील परिचितांकडून परताव्याचे आश्वासन देऊन रकमा गोळा करणे धोक्याचे आहे. अनियमित ठेवींवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. कंपनी कायदा, २०१३ अन्वये खासगी भागविक्रीचा प्रस्ताव एका आर्थिक वर्षात, पात्र संस्थात्मक खरेदीदार व भागयोजनेतील कर्मचारी वगळता, २०० व्यक्तींपुरता मर्यादित असतो. नवउद्योगांना जाचक ठरलेला, २०१२ मध्ये आलेला तथाकथित ‘एंजल कर’ रद्द करण्याची घोषणा जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात झाली. केंद्राच्या २०२१ च्या स्टार्टअप इंडिया बीजनिधी योजनेत ९४५ कोटी रुपयांची तरतूद होती. तीत निवडक उद्भवन केंद्रांमार्फत संकल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान देय होते.

पैसा मिळाल्यानंतर

करार लेखी असावा. दर तिमाहीस जमाखर्च, विक्री व अडचणी गुंतवणूकदारास कळवाव्यात. तोटा लपविल्यास पैशाआधी विश्वास संपतो; वेळीच सांगितल्यास त्याचा अनुभव व ओळखी उपयोगी पडतात.

निष्कर्ष

प्रारंभिक गुंतवणूक ही पुराव्यावर उभी राहिलेल्या विश्वासाची देवघेव आहे. येथे महाविद्यालयांची जबाबदारी मोठी आहे. वाणिज्य विभागाने विद्यार्थ्याचा हिशेब, अर्थशास्त्र विभागाने मागणीचा अंदाज आणि विज्ञान विभागाने उत्पादनाची चाचणी तपासून दिल्यास खाप्यासारख्या गावातील उद्योजक गुंतवणूकदारासमोर तयारीने उभा राहू शकेल आणि गावकऱ्यांची बचतही अनाठायी जोखमीपासून वाचेल.