सातव्या महिन्यातला आमचा नातू

टेंभी नाक्यावर देवी आली त्या संध्याकाळी आमचा नातू जिन्यात बसून बुटाची नाडी बांधीत होता. ढोलताशे घरावरून पुढे गेले, तरी गाठ बसेना. शेवटी मीच वाकले आणि गाठ मारून दिली. रात्री भांडी आवरताना सूनबाई म्हणाली, "आई, तो नऊ वर्षांचा झाला. तुम्ही किती दिवस बांधून देणार?"

मला राग आला, खोटे कशाला सांगू! सातव्या महिन्यात जन्मलेला, बाराशे ग्रॅमचा पोर. दीड महिना काचेच्या पेटीत होता. प्रथम मांडीवर घेतला तेव्हा वजन असे जाणवलेच नाही. शेजारच्या काकू धीर देत, "सातमाशी मूल जगतं हो, आठव्यातलं जगत नाही." हे शास्त्र मात्र कुणी खरे मानू नये, पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या हिताचाच असतो.

शाळेत जाऊ लागला तेव्हा वाटले, सुटलो. गोष्टी, कविता सगळे तोंडपाठ. पण फळ्यावरचे उतरवून होईपर्यंत फळा पुसला जाई. डबा उघडताना भाजी सांडे. शर्टाचे बटण एक काज वरखाली. 'आळशी आहे' असा शेराही आला, आणि मी तो खरा मानून त्याला रागे भरले. ते आजही मनाला लागते.

मग रोजच्या कामांचे वळण हातांना लावणाऱ्या एका तज्ज्ञ बाईंकडे त्याला नेले. त्यांनी पुण्याची हकिकत सांगितली. तिथल्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ च्या सुमारास जन्मलेल्या, दोन किलोंहून हलक्या मुलांवर डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवले होते. पुष्कळांची बुद्धी सर्वसाधारण निघाली. परंतु डोळ्यांनी पाहिलेले हाताने उतरविणे, लेखन, गणित यांत ती इतरांच्या मागे राहत. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने घडतो, आणि नेमके तेच दिवस या मुलांना बाहेर काढावे लागतात. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही. पण ज्यांना होतो त्यांची गणना आळशांत होते.

उपाय ऐकून मला हसूच आले. नाडी सगळी आपण बांधायची, शेवटचा फास तेवढा त्याने ओढायचा. तो जमला की त्याआधीची पायरी त्याची. असे उलटे चालत यायचे. शाळेत लिहायला थोडा जादा वेळ मागायचा. आणि आजीने (हे माझ्याकडे पाहून) हात पाठीमागे बांधून बसायचे. यांतले शेवटचेच सर्वांत कठीण.

पुढे दसऱ्यापासून आम्ही ठिपके जोडायला घेतले. मुलगा म्हणून काय झाले, रांगोळीइतका डोळ्याहाताला व्यायाम दुसरा कोणता? परवा दारात त्याने पाच ठिपक्यांची रांगोळी एकट्याने काढली. अर्धा तास लागला. दोन रेघा भलत्याच ठिपक्याला गेल्या. त्या पुसायला मी बोट पुढे केले मात्र, सूनबाईने असे डोळे वटारले की मी मुकाट्याने पदराला हात पुसले.