वादळात माल वाचला, पण पत्ता बुडाला!

व्यापारात माल महत्त्वाचा आणि भांडवल महत्त्वाचे, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु गिऱ्हाइकाला आपला पत्ताच सापडला नाही, तर गोदामात पडलेल्या शंभर गाठींचा उपयोग काय? आज ऑर्डर, बिल, बिल्टी आणि उधारीची आठवण या साऱ्या गोष्टी फोन आणि इंटरनेटवर चालतात. मोठे वादळ येऊन ही यंत्रणा कोलमडली तर ती पुन्हा उभी कोण करतो आणि कशी, हे व्यापारी बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत 2005, 2012 आणि 2017 साली आलेल्या तीन वादळांतून या प्रश्नाचे उत्तर मिळते.

नावांची वही

इंटरनेटवर प्रत्येक संगणकाचा पत्ता आकड्यांत असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नाव राहते. म्हणून नावावरून आकडा शोधून देणारी एक वही ठेवावी लागते. या व्यवस्थेला डोमेन नेम सिस्टिम किंवा डीएनएस म्हणतात. पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 1983 साली तिची आखणी केली. ही सगळी वही एका ठिकाणी नसते. प्रत्येकाच्या नावाचे पान त्याच्या स्वतःच्या नेम सर्व्हरवर असते आणि ते पान कोणाकडे आहे एवढेच वरच्या नोंदणीत लिहिलेले असते.

म्हणजेच वेबसाइटचा संगणक सुरक्षित असला, पण नेम सर्व्हर पाण्यात गेला, तर दुकान उघडे असूनही गिऱ्हाइकाला ते सापडत नाही. हा नुकसानीचा प्रकार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

न्यू ऑर्लिन्सचा धडा

29 ऑगस्ट 2005 रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर धडकले. न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले आणि सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेले. तीस लाखांहून अधिक टेलिफोन लाइन बंद पडल्या. हजाराहून अधिक मोबाइल टॉवर मुके झाले. संकटात मदत मागण्यासाठी तेथे 911 हा क्रमांक लावतात. त्याची 38 केंद्रे बंद पडली. छपरावर बसलेल्या माणसाला आपण कोठे आहोत हे सांगता येईना आणि दूर गेलेल्या मुलाला आईची खबर मिळेना.

त्याच शहरात पॉयड्रास स्ट्रीटवरील एका उंच इमारतीत डोमेन नावांची नोंदणी करणारी डायरेक्टनिक ही कंपनी होती. तिची गिऱ्हाइके दूरदूरची होती. हे सर्व्हर बंद पडते, तर पुराशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांचेही काम अडले असते. काही मोजकी माणसे शहर सोडून गेली नाहीत. खाली वीज नाही, रस्त्यावर पाणी, आणि वर डिझेल जनरेटरवर त्यांनी सर्व्हर चालू ठेवले. दुसऱ्याची अमानत सांभाळण्याचा हा प्रकार होता असेच म्हणावे लागेल.

दोष शोधण्याची रीत

अशा वेळी नेटवर्क सांभाळणारा कारागीर प्रथम एकच प्रश्न विचारतो. वाट तुटली आहे की नाव हरवले आहे? तो आधी आकडी पत्त्यावर हाक मारून पाहतो. आकड्याने उत्तर येते आणि नावाने येत नाही, तर दोष वहीत आहे. मग नोंदणीत जेवढे नेम सर्व्हर लिहिले असतील, त्या प्रत्येकाला तो वेगवेगळे विचारतो.

उत्तर तीन प्रकारचे येऊ शकते. पहिला प्रकार म्हणजे काहीच उत्तर न येणे. दुसरा म्हणजे जुना, चुकीचा पत्ता मिळणे. तिसरा म्हणजे ‘असे नावच नाही’ असे साफ उत्तर येणे. यांतला फरक व्यापाऱ्याने लक्षात घ्यावा. नेम सर्व्हर गप्प असेल, तर पाठवणाऱ्याचा ई-मेल रांगेत थांबतो आणि साधारण चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न होतो. परंतु ‘असे नावच नाही’ असे उत्तर मिळाले, तर पत्र लगेच परत जाते. घाईघाईत वहीतली चुकीची ओळ खोडली, तर वादळाने न केलेले नुकसान आपल्याच हाताने होते.

मुद्दतीचा हिशेब

जाणकार मंडळी मूळ वहीची नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर ठेवतात. पण या नकलेलाही मुद्दत असते. मूळ सर्व्हरशी ठरावीक काळ संपर्क झाला नाही, तर दुसरा सर्व्हर नक्कल शिळी समजतो आणि उत्तर देणे बंद करतो. ही मुद्दत एक आठवड्याची ठेवली असेल तर काय होईल? न्यू ऑर्लिन्समधील पाणी उपसायला सुमारे सहा आठवडे लागले. म्हणजे नक्कल कोरड्या जागी सुखरूप असूनही आठव्या दिवशी मुकी झाली असती. म्हणून मोठ्या आपत्तीत कारागीर नकलेलाच मूळ वही बनवतो.

दुसरी मुद्दत पत्ता लक्षात ठेवण्याची. एकदा विचारलेला पत्ता इतर संगणक काही काळ आपल्याजवळ ठेवतात. हा काळ एक दिवसाचा असेल, तर आज नवा पत्ता लिहिला तरी काही गिऱ्हाइके उद्यापर्यंत जुन्याच बंद दारावर थाप मारत राहतील. चक्रीवादळाची सूचना बहुधा काही दिवस आधी मिळते. शहाणा माणूस त्या दिवसांत हा काळ पाच मिनिटांवर आणून ठेवतो. मग जागा बदलली तरी खबर लगेच पोचते.

यातले मुख्य तत्त्व नवीन नाही. जुलै 1997 मध्ये इंटरनेटच्या तज्ज्ञांनी लेखी शिफारस केली होती, की एका नावाचे सगळे नेम सर्व्हर एकाच इमारतीत, एकाच विजेवर व एकाच तारेवर ठेवू नयेत. ते वेगवेगळ्या गावी असावेत. नियम साधा असला तरी खर्च वाचवण्याच्या नादात तो मोडला जातो.

सतरा मजले, हातात बादल्या

29 ऑक्टोबर 2012 रोजी सँडी वादळ न्यूयॉर्क परिसरावर आले. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला समुद्र रस्त्यावर चढला. व्हाइटहॉल स्ट्रीटवरील डेटाग्राम या कंपनीच्या इमारतीचे तळघर बुडाले आणि हफिंग्टन पोस्ट, गॉकर, बझफीड या प्रसिद्ध वेबसाइट बंद पडल्या. जवळच 75 ब्रॉड स्ट्रीट येथे पीअर वन कंपनीचा जनरेटर वर सुरक्षित होता. पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात होते आणि ते बुडाले. मग कर्मचारी आणि स्क्वेअरस्पेस, फॉग क्रीक या गिऱ्हाइक कंपन्यांची माणसे रांगेत उभी राहिली आणि त्यांनी हातोहात बादल्या देत सतरा मजले डिझेल चढवले. जगातील सर्वात प्रगत यंत्रणा शेवटी माणसाच्या मेहनतीवर टिकली!

आणखी एक गोष्ट या वेळी घडली. एटी अँड टी आणि टी-मोबाइल या मोबाइल धंद्यातील प्रतिस्पर्धी कंपन्या. परंतु वादळानंतर न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीमध्ये त्यांनी आपले नेटवर्क एकमेकींच्या गिऱ्हाइकांना खुले केले. ज्याचा टॉवर चालू असेल, त्यावरून फोन लागू लागला. संकटाच्या वेळी स्पर्धा बाजूला ठेवली तर गिऱ्हाइकाचा फायदा होतो आणि धंद्याची अब्रूही राहते.

पोर्टो रिको: रोकड हीच राणी

20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया वादळाने पोर्टो रिको बेट उद्ध्वस्त केले. दुसऱ्या दिवशी बेटावरील 95 टक्के मोबाइल टॉवर बंद होते. वीज नाही, म्हणून टॉवर नाही. टॉवर नाही, म्हणून कार्डाने पैसे घेता येत नाहीत. दुकानात माल होता, गिऱ्हाइकाच्या खात्यात पैसे होते, पण मधली वाट तुटली होती. व्यवहार रोखीवर आला आणि चालू एटीएमपुढे लांब रांगा लागल्या.

अशा वेळी जुने हुनर उपयोगी पडले. अमेरिकन रेड क्रॉसने हौशी रेडिओचालकांच्या संघटनेकडे पन्नास कसबी माणसे मागितली. तार नाही, टॉवर नाही, तरी साध्या रेडिओवरून ‘आम्ही सुखरूप आहोत’ हे निरोप बेटाबाहेर जाऊ लागले. दुसरीकडे गुगलच्या मूळ कंपनीने ‘लून’ प्रकल्पाचे फुगे आकाशात सोडले आणि त्यांवरून एक लाखाहून अधिक लोकांना प्राथमिक इंटरनेट मिळाले. तो प्रकल्प पुढे 2021 मध्ये बंद झाला. साधे रेडिओ मात्र आजही कामाला येतात.

आपल्या पेढीसाठी

आपल्यापैकी अनेकांनी आता दुकानाच्या किंवा कारखान्याच्या नावाने वेबसाइट आणि ई-मेल घेतले आहेत. वादळ येवो अथवा न येवो, या चार गोष्टी आजच तपासून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, डोमेन नाव कोणाच्या नावावर नोंदलेले आहे? वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर असेल, तर ते आपल्या पेढीच्या नावावर करून घ्यावे.

दुसरी, नेम सर्व्हर किती आहेत आणि ते एकाच जागी तर नाहीत ना?

तिसरी, नोंदणीच्या खात्याला कोणता ई-मेल जोडला आहे? त्याच डोमेनचा ई-मेल जोडला असेल, तर नाव बंद पडल्यावर पासवर्डही येणार नाही. तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवून कुलूप लावण्यासारखे हे आहे.

चौथी, मोठ्या गिऱ्हाइकांचे आणि आडत्यांचे फोन क्रमांक कागदावर लिहिलेले आहेत का? मोबाइल बंद पडला तर निदान शेजारच्याच्या फोनवरून बोलता येईल.

आपल्या वडीलधाऱ्यांनी खातेवहीची नक्कल दुकानात न ठेवता घरी ठेवली, ती उगीच नव्हे. दुकानाला आग लागली तरी देणे-घेणे शाबूत राहावे, हा त्यामागचा विचार. न्यू ऑर्लिन्स आणि न्यूयॉर्कच्या कारागिरांनी पाण्यात उभे राहून तोच धडा पुन्हा गिरवला. आपल्याला तो कोरड्या जागी बसून शिकता येतो. त्यासाठी एक दुपार पुरेशी आहे.