जुन्या पोलीसगाडीचा खरा स्पॉटलाइट कसा शोधावा

अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या पोलीसगाड्या मूळ रूपात आणणाऱ्यांचा मोठा हौशी वर्ग आहे. इंजिन, रंग, दारावरचं बोधचिन्ह यांवर ही मंडळी जिवापाड मेहनत घेतात. पुष्कळदा चुकतो तो पुढच्या काचेशेजारच्या खांबावरचा स्पॉटलाइट. रात्री घरांचे क्रमांक वाचायला, अंधाऱ्या बोळात उजेड टाकायला, थांबवलेल्या गाडीच्या आत पाहायला पोलिसाच्या हाताशी हाच दिवा असे. त्या काळच्या गाडीवर वीस वर्षांनंतरचा दिवा बसवणं म्हणजे गाडीचा इतिहास खोटा सांगणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शोधाला लागण्याआधी या दिव्याची रचना समजून घ्यावी. दिव्याचं डोकं बाहेर, मूठ आत, आणि खांबातून आरपार गेलेली नळी या दोघांना जोडते. नळीच्या आत आणखी एक पोकळ दांडा असतो. अख्खी मूठ फिरवली की डोकं नळीभोवती फिरतं. मुठीचा टोकाचा भाग पिळला की आतला दांडा फिरतो आणि डोक्याच्या बुडाशी असलेल्या बेव्हल गिअरमुळे डोकं दुसऱ्या दिशेला वळतं. या दोन हालचालींतून जवळजवळ कुठल्याही दिशेला झोत टाकता येतो, तोही काच खाली न करता. बल्बची तार त्याच पोकळ दांड्यातून येते.

या रचनेचा परिणाम असा, की डोकं अनेक गाड्यांवर सारखं चालतं, पण नळीची लांबी आणि खांबाला घट्ट बसणारं ब्रॅकेट त्या त्या गाडीपुरतं असतं. १९५५ च्या शेव्हरोलेत पुढची काच दोन्ही बाजूंना वळली आणि खांबाचा आकारच पालटला. १९५४ च्या शेव्हरोलेचं ब्रॅकेट तिथं बसत नाही. दिवे बाजारात पुष्कळ मिळतात, नेमकं ब्रॅकेट मात्र महिनोन्महिने सापडत नाही. खरी दुर्मीळ वस्तू ती आहे.

पहिला पुरावा गाडीच्या अंगावरच असतो. पोलीस खात्यातून निवृत्त झालेली गाडी विकताना स्पॉटलाइट बऱ्याचदा काढून घेत आणि भोकाला बूच लावत किंवा लांबी भरून वर रंग मारत. म्हणून खांबाचा रंग खरवडताना घाई करू नये. आतल्या बाजूने हात फिरवावा, भरलेलं भोक सापडलं तर त्याचा व्यास आणि कोन मोजावा, फोटो काढून ठेवावा. भोक फक्त चालकाच्या बाजूला आहे की दोन्हीकडे, यावरून दिवे किती होते हे कळतं. क्रायस्लरच्या गाड्यांत कधी कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये कारखान्यातला बांधणीचा कागद अडकलेला सापडतो; तो मिळाला तर सोन्याहून पिवळं.

दुसरा पुरावा छायाचित्रांचा. गाडी ज्या खात्याची, त्याच खात्याचे त्याच वर्षाचे फोटो पाहावेत. दुसऱ्या शहराची गाडी किंवा सिनेमातली गाडी प्रमाण मानू नये, कारण प्रत्येक खात्याची पसंती वेगळी होती. कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोलचं उदाहरण घ्या. त्या राज्याच्या कायद्यानुसार तातडीच्या वाहनाला समोरून किमान १,००० फुटांवरून दिसणारा, न लुकलुकणारा तांबडा दिवा लागतो. या दलाच्या अनेक गाड्यांच्या टपावर दिवेच नसत; ते काम तांबड्या काचेचा स्पॉटलाइट करी. तिथं पांढऱ्या काचेचेच दोन दिवे लावले, तर दिवे अस्सल असूनही गाडी चूक ठरते.

मग येतो व्होल्टेजचा प्रश्न. १९५५ ची शेव्हरोले १२ व्होल्टवर चालते, पण त्याच वर्षाची फोर्ड ६ व्होल्टवर. फोर्डने १९५६ मध्ये १२ व्होल्ट घेतलं. ६ व्होल्टचा बल्ब १२ वर लावला की लगेच जळतो आणि उलट केलं तर मिणमिणतो. बल्ब बदलणं सोपं आहे, तारेकडे मात्र लक्ष द्यावं. ३० वॅटच्या बल्बला १२ व्होल्टवर अडीच अँपिअर लागतात, ६ व्होल्टवर पाच. त्यामुळे १२ व्होल्टच्या दिव्याची बारीक तार ६ व्होल्टच्या गाडीत तशीच ठेवली, तर उजेड मंदावतो.

बल्बचा आकार त्याच्या नावातच असतो. पार-४६ मधला ४६ म्हणजे इंचाचे ४६ अष्टमांश, म्हणजे पावणेसहा इंच व्यास. पार-३६ साडेचार इंचांचा. मोठ्या डोक्यात पहिला बसतो, लहानात दुसरा. या सीलबंद बल्बची काच हेडलाइटसारखी रेघांची नसून साफ असते, म्हणून झोत अरुंद आणि लांब जातो. अमेरिकन गाड्यांच्या हेडलाइटमध्ये सीलबंद बल्ब आले ते १९४० च्या मॉडेलांपासून. त्याआधीच्या गाडीवर सीलबंद बल्बचा स्पॉटलाइट दिसला, तर तो मागाहून लावलेला समजावा.

शिकागोच्या युनिटी आणि ॲपलटन या कंपन्यांचे दिवे जास्त भेटतात. डोक्यावर, ब्रॅकेटवर, सोबतच्या कागदावर काय छापलंय ते भिंगाने वाचावं. पत्त्यात ‘शिकागो’पुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल, तर तो छाप १९४३ ते १९६३ या काळातली पद्धत दाखवतो; पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये सुरू झाला. पेटंट क्रमांकही उपयोगी पडतो. अमेरिकेचा विसाव्या लाखाचा क्रमांक एप्रिल १९३५ मध्ये दिला गेला, तिसाव्या लाखाचा सप्टेंबर १९६१ मध्ये. अर्थात त्यावरून वस्तू त्या तारखेआधीची नाही एवढंच ठरतं. तेच पेटंट पुढे कितीतरी वर्षं छापलं जाई.

खरेदीत एक फसगत हमखास होते. गाड्या सजवणाऱ्या हौशींमध्ये नुसत्या शोभेचे स्पॉटलाइट लोकप्रिय होते. बाहेरून तसेच चकचकीत, पण आत ना मूठ, ना गिअर, ना खांबातून जाणारी नळी. त्यामुळे फोटोवरून घेताना आतल्या बाजूचा फोटो मागावाच. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी इथं दर ऑक्टोबरमध्ये जुन्या भागांचा प्रचंड बाजार भरतो. तिथं दिवा हातात घेऊन मूठ फिरवून पाहता येते. गिअर अडखळत असेल तर दात झिजलेत का ते पाहावं. क्रोम नव्याने चढवता येतं, पण झिजलेला गिअर मिळवायला दुसरा दिवा मोडावा लागतो.

गाडीच्या मापाचं ब्रॅकेट हाती येईपर्यंत दिव्यावर पैसे घालू नका, आणि जुनं भोक शोधल्याशिवाय खांबाला ड्रिल लावू नका.