जागरणाच्या रात्री आणि झोपेचे वर्ष : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे चरकसंहितेत सांगितले आहे. त्यांपैकी आहाराची चर्चा आज घरोघरी होते. निद्रेचा विषय मात्र ती नाहीशी होऊ लागल्यावरच निघतो. समाजात झोपेविषयी एक प्रकारचा संकोचही आढळतो. जो कमी झोपतो तो कष्टाळू आणि जो पुरेसा झोपतो तो आळशी, अशी समजूत रूढ आहे. दुसरीकडे, आपल्या सणांमध्ये जागरणाला मानाचे स्थान आहे. त्यामुळे सण आणि झोप हे एकमेकांचे विरोधक आहेत, असे सकृद्दर्शनी वाटते. हा समज तपासून पाहणे, झोपेचे शास्त्र समजून घेणे आणि त्या आधारे महाविद्यालयीन वेळापत्रकाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विवेचनासाठी ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन सलग शहरे निवडली आहेत.

तीन शहरांचा दिनक्रम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्पांच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या शहराचे जीवन प्रामुख्याने व्यापार आणि लघुउद्योगांवर चालते. कापड, फर्निचर, जीन्सची शिलाई अशा व्यवसायांत दुकान व घर यांतील अंतर कमी असते आणि काम रात्री उशिरापर्यंत लांबते. अंबरनाथची आधुनिक ओळख आयुधनिर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांनी घडवली. पाळीच्या कामामुळे तेथील अनेक घरांत रात्र आणि दिवस यांची अदलाबदल ही नित्याची गोष्ट आहे. बदलापूर हे तुलनेने अलीकडे वाढलेले शहर. २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत असलेली त्याची लोकसंख्या २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबईत नोकरी आणि परवडणारे घर दूर, या समीकरणातून ही वाढ झाली.

या समीकरणाची किंमत कुटुंबे वेळेच्या रूपाने मोजतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर, तर बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर अंतरावर आहे. बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्याचा एका बाजूचा लोकलप्रवास साधारण दीड तासाचा धरला, घर ते स्थानक आणि स्थानक ते कार्यालय यांसाठी दोन्ही वेळचा मिळून एक तास धरला आणि कार्यालयाचे नऊ तास मिळवले, तर तेरा तास संपतात. उरलेल्या अकरा तासांतून सात तास झोपेसाठी काढले, तर स्वयंपाक, जेवण, स्नान, मुलांचा अभ्यास, वृद्धांची देखभाल आणि चार शब्द बोलणे यांसाठी केवळ चार तास राहतात. हा हिशेब कोठेतरी तुटतो आणि तो बहुधा झोपेच्या बाजूनेच तुटतो.

स्त्रियांच्या बाबतीत तो अधिक तुटतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. हे आकडे देशाचे आहेत. परंतु पहाटे उठून डबे भरणारी आणि ठरलेली लोकल गाठणारी नोकरदार स्त्री या परिसरातील प्रत्येक फलाटावर दिसते. डब्यात चौथी सीट मिळाली तरी तिचे डोळे मिटतात. त्या डुलकीने थोडी तरतरी येते हे खरे, पण दर काही मिनिटांनी येणाऱ्या स्थानकांमध्ये तुटत राहणारी ती झोप रात्रीच्या सलग झोपेची जागा घेऊ शकत नाही.

झोप कशी येते

झोपेचे नियमन दोन यंत्रणा मिळून करतात, असे प्रतिपादन अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केले. या क्षेत्रात ते आजही पायाभूत मानले जाते. पहिली यंत्रणा म्हणजे झोपेची ओढ. मनुष्य जितका वेळ जागा राहतो तितका मेंदूत अॅडेनोसिन या द्रव्याचा संचय वाढतो आणि डोळे जड होऊ लागतात. चहा-कॉफीतील कॅफीन ही ओढ कमी करत नाही, फक्त तिची जाणीव काही काळ रोखून धरते. कॅफीन निम्मे होण्यास सरासरी पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अंश रात्री अकरालाही शरीरात असतो.

दुसरी यंत्रणा म्हणजे जैविक घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाच्या आधारे मेंदूतील एक लहानसे केंद्र दिवस आणि रात्र ओळखते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. प्रखर दिवे आणि डोळ्यांजवळ धरलेला मोबाइलचा पडदा हा स्राव लांबवतात. पेशींतील या घड्याळाची रेणवीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अध्यापकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब अशी की पौगंडावस्थेपासून साधारण विशीपर्यंत हे घड्याळ पुढे सरकलेले असते. या वयातील मुलामुलींना रात्री उशिरा झोप येते आणि पहाटे उठणे जड जाते. याचा काही भाग सवयीचा असला, तरी काही भाग निखळ शारीरिक आहे. अठरा ते पंचवीस या वयोगटासाठी सात ते नऊ तासांची झोप आवश्यक मानली जाते. सकाळी सातच्या तासाला पोहोचण्यासाठी वांगणीहून किंवा नेरळहून पाचच्या सुमारास उठणारा आणि संध्याकाळी दुकानात काम करून रात्री अकरानंतर घरी येणारा विद्यार्थी ही गरज भागवू शकत नाही. तो वर्गात पेंगतो तेव्हा त्याचे कारण अनास्था हेच असेल असे नाही.

एका रात्रीचे जागरण आणि रोजचे जागरण

या परिसराचे सांस्कृतिक वैभव जागरणाशी निगडित आहे. वालधुनी नदीच्या काठी उभे असलेले अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारकालीन असून तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. आश्विन पौर्णिमेला गच्चीवर आटीव दूध, गाणी आणि गप्पा यांत कोजागिरी साजरी होते. कोण जागे आहे, असे लक्ष्मी विचारते, ही त्यामागील श्रद्धा. उल्हासनगरात झुलेलालांच्या जयंतीला, चेटीचंडला, मिरवणुका आणि संगीत यांनी शहर भरून जाते. नवरात्र आणि गणेशोत्सव तर तिन्ही शहरांचे समान उत्सव आहेत.

अशा एखाद्या रात्रीचे जागरण निरोगी व्यक्तीचे शरीर सहज पेलते. पुढच्या रात्री झोप अधिक गाढ लागते आणि एक-दोन दिवसांत घडी बसते. शिवाय हे जागरण ठरलेले, स्वतः निवडलेले आणि इतरांसोबतचे असते. त्यातून मिळणारे सौख्य हेही आरोग्याचेच अंग आहे.

रोजच्या अपुऱ्या झोपेचे स्वरूप याहून वेगळे आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये ४८ निरोगी प्रौढांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील काहींना सलग १४ रात्री केवळ चार किंवा सहा तास झोपू दिले होते. लक्ष टिकवण्याची त्यांची क्षमता दिवसेंदिवस घसरत गेली. सहा तास झोपणाऱ्यांची स्थितीही अखेरीस पूर्ण रात्रीच्या जागरणानंतर होते तशी झाली. अधिक चिंताजनक बाब म्हणजे, आपण इतके घसरलो आहोत याची त्यांना स्वतःला पुरती जाणीव नव्हती. ‘आपल्याला आता सवय झाली आहे’ असे म्हणणाऱ्याने हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. कमी झोपेची सवय झाल्यासारखी वाटते, पण घसरण थांबलेली नसते.

पंचांगातील विश्रांती

सण म्हणजे केवळ जागरण, हा समजही अपुरा आहे. परंपरेने जागरणाप्रमाणे विश्रांतीचीही तिथी नेमून दिली आहे. आषाढी एकादशीला शयनी आणि कार्तिकी एकादशीला प्रबोधिनी म्हणतात. ज्या विठ्ठलाच्या भेटीसाठी वारकरी चालत जातात, तो देव त्या दिवसापासून चार महिने निद्रा घेतो, अशी श्रद्धा आहे. देवाला झोपेचा संकोच नाही, मग भक्ताला का असावा, असे गमतीने म्हणता येईल. घाटावरून येऊन या शहरांत स्थायिक झालेल्या कुटुंबांना पोळा ठाऊक आहे. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. सिंधी कुटुंबांत श्रावण वद्य सप्तमीला थदडी असते. आदल्या दिवशी करून ठेवलेले अन्न थंडच खायचे आणि चूल पेटवायची नाही, असा तिचा रिवाज आहे. मराठी घरांतील शिळासप्तमी याच जातीची. एकात बैलाला, तर दुसऱ्यात चुलीला विसावा मिळतो. आदल्या दिवशीचे श्रम वाढतात हे खरे असले, तरी त्या सकाळी घरातील स्त्रीला चुलीपुढे उभे राहावे लागत नाही.

आधुनिक काळातही असे हलकेफुलके वार्षिक दिवस रुजले आहेत. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतील एका उद्यानात मोजक्या मंडळींसह हास्य क्लब सुरू केला. त्यातूनच मे महिन्याच्या पहिल्या रविवारचा जागतिक हास्य दिन पुढे आला. मार्चमधील विषुवदिनापूर्वीच्या शुक्रवारी, २००८ पासून, जागतिक निद्रा दिन पाळला जातो. लोकलमधील दसरा हा तर या मार्गाचा स्वतःचा सण. रोजचे सहप्रवासी डब्याला फुलांची तोरणे बांधतात, पूजा करतात, प्रसाद वाटतात. एरवी जागेसाठी हमरीतुमरीवर येणारा डबा त्या सकाळी कुटुंबासारखा वागतो. अशा उत्सवांना एका रात्रीचीही झोप खर्च करावी लागत नाही.

कायद्याने मोजलेल्या रात्री

उत्सव आणि झोप यांचा तोल कायद्यानेही मान्य केला आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्र मानला जातो. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासनाला वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत ध्वनिक्षेपकाची सवलत देता येते. म्हणजे उरलेल्या ३५० रात्रींची शांतता कायद्याने रहिवाशांसाठी राखून ठेवली आहे. २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणाच्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने झोप ही जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे नमूद केले. पाळीवरून सकाळी घरी आलेल्या कामगाराला, आजारी वृद्धाला आणि परीक्षार्थीला या राखीव रात्रींची किंमत सर्वाधिक कळते.

महाविद्यालयाला काय करता येईल

लोकलचे वेळापत्रक महाविद्यालयाच्या हाती नाही, परंतु स्वतःचे वेळापत्रक निश्चित आहे. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. शाळेची घंटा पुढे नेता येते हे त्यातून दिसले. महाविद्यालयांत दोन सत्रे आणि अपुऱ्या वर्गखोल्या यांमुळे असा सरसकट बदल कठीण आहे, हे मान्य केले तरी काही गोष्टी शक्य आहेत.

पहिल्या तासाला चाचणी ठेवू नये. दूरहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे अवघड विषय दुसऱ्या वा तिसऱ्या तासाला घ्यावेत. कोजागिरी, महाशिवरात्र, चेटीचंड यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा टाळावी. स्नेहसंमेलन रात्री दहाच्या आत संपवावे आणि रात्री दहानंतर विद्यार्थी वा सहकारी यांना मोबाइलवर सूचना पाठवू नयेत. जागतिक निद्रा दिन परीक्षेच्या हंगामातच येतो. त्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी सात दिवसांची झोपेची नोंदवही ठेवावी. झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, प्रवासाचे तास आणि घरकामाचे तास, एवढ्या चार नोंदी पुरेत. मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र या विभागांना एकत्र काम करण्यास हा विषय अनुकूल आहे आणि त्यातून या शहरांविषयी स्थानिक माहिती प्रथमच हाती येऊ शकेल.

समारोप

अतिझोप आणि अतिजागरण दोन्ही टाळून युक्त निद्रा आणि युक्त जागृती यांचा पुरस्कार भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात केला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील लोकांची झोप सणांनी हिरावलेली नाही. ती प्रवासाचे अंतर, पाळ्या, घरकामाची विषम वाटणी आणि पहाटेची वेळापत्रके यांनी हिरावलेली आहे. म्हणून सुधारणेचा आरंभ कोजागिरी बंद करण्यापासून न होता इतर रात्री मोकळ्या करण्यापासून व्हावयास हवा. जो वर्षभर अर्धवट जागा असतो त्याला पौर्णिमेच्या रात्रीचे चांदणे पाहण्यापुरतेही त्राण उरत नाही. पुरेशी झोप ही सणाच्या आनंदाची पूर्वअट आहे आणि ती पुरवण्यातील आपला लहानसा वाटा महाविद्यालयांनी उचलणे अगत्याचे आहे.