कातळावरची विजार

रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या माणसाने प्रस्तरारोहणाविषयी बोलावे, हे ऐकून पुण्या-नाशिककडच्या श्रोत्यांना थोडे हसू येईल. आमचा मुलूख सपाट. गावाबाहेर पडावे तो भाताची खाचरे दिसतात ती क्षितिजापर्यंत. देवीच्या निमित्ताने चढायचे म्हटले तर डोंगरगडच्या बम्लेश्वरीच्या पायऱ्या, आणि त्यासाठीही आधी आगगाडीत बसावे लागते. त्यातून मी सरकारी नोकर. माझे चढणे-उतरणे कचेरीच्या जिन्यापुरते. आणि विषय तर स्त्रियांच्या विजारीचा! तेव्हा या वाटेला मी कसा लागलो, हे आधी सांगणे भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी सुटीत पुण्याला मावशीकडे गेली आणि तेथून सह्याद्रीतल्या एका शिबिराला गेली. जाण्यापूर्वी एका मोठ्या दुकानातून आम्ही तिच्यासाठी विजार घेतली. ‘खास मुलींसाठी’ आहे, असे विक्रेत्याने तीनतीनदा सांगितले. किंमतही खासच होती. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी, जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर असताना, तिने उजवा पाय कमरेइतक्या उंचीच्या खाचेत ठेवायला उचलला आणि विजार दोन पायांच्या सांध्यापाशी वीतभर उसवली. दोर बांधलेला असल्यामुळे पडण्याचे भय नव्हते. खाली उतरून तिने कमरेला चादर गुंडाळली, आणि उरलेले दोन दिवस ती इतरांचे दोर सांभाळीत बसली. घरी आल्यावर ‘पुन्हा जायचे नाही’ एवढेच बोलली. कारण मला तिच्या आईकडून कळले.

पोरगी खडकाला भ्याली असती तर मी समजू शकलो असतो. मी स्वतः शिडीलाही भितो. पण तिने शिवणीपायी माघार घ्यावी, हे माझ्या मनाला लागून राहिले.

आमच्या घरात माझी आत्या आहे. वय ऐंशीच्या पुढे. अजून नऊवारी नेसते. तिने ती विजार मागवून घेतली, उलटी केली, खिडकीशी नेऊन पाहिली आणि म्हणाली, “अरे, चार शिवणी आणून एकाच ठिकाणी मिळवल्या आहेत. पाय उचलला की सगळा ताण इथेच. कासोट्याला शिवणच नसते, तो उसवणार कुठून?”

मी एम.ए.ला इतिहास घेतला होता, पण वस्त्राचा असा विचार मी कधी केला नव्हता. नऊवार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. ते दोन पायांमधून मागे जाते आणि कमरेला खोचले जाते. ज्या जागी शिवलेल्या विजारीची सगळ्यात दुबळी शिवण असते, त्या जागी येथे अखंड कापड असते, आणि पाय उचलला की घडी उलगडून हवे तेवढे कापड पुरवते. शेतात ओणवे होणे, विहिरीच्या पायऱ्या उतरणे, झाडावर चढणे या सगळ्याचा हिशेब त्या नेसण्यात धरलेला आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. तेथील लोखंडी शिड्या नवरात्रात नऊवारीतल्या बायका सहज चढून जातात. तान्ह्या लेकरासाठी रात्री रायगडाचा कडा उतरणारी हिरकणी ही दंतकथा असेल. पण ती सांगणाऱ्यांपैकी कोणालाही तिच्या लुगड्याची अडचण भासली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आमच्या छत्तीसगढी भगिनी त्याच वस्त्राला ‘लुगरा’ म्हणतात, आणि भाताच्या चिखलात तो आखूड, पोटरीच्या वर नेसतात.

म्हणून सर्वांनी नऊवारी नेसून कड्याला भिडावे, असे मी म्हणत नाही. आजच्या प्रस्तरारोहणात कमरेभोवती आणि मांड्यांभोवती पट्ट्यांचा साज चढवावा लागतो. त्याला हार्नेस म्हणतात. त्याच्याखाली निऱ्यांचा बोंगा आला की तो रुततो. शिवाय दोरावरून उतरताना ज्या धातूच्या साधनातून दोर सरकतो, त्यात लोंबणारे कापड, ओढणी किंवा मोकळी वेणीसुद्धा ओढली जाते आणि माणूस मध्येच अडकून पडतो. तेव्हा विजार हवीच. कासोट्याचा गुण तेवढा तिच्यात उतरला पाहिजे.

या विजारीसाठी पाश्चात्त्य स्त्रियांनाही काही कमी सोसावे लागले नाही. आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखरावर पोहोचलेली पहिली स्त्री ल्यूसी वॉकर. १८७१ साली ती चढली तेव्हा अंगात लांब झगाच होता. एलिझाबेथ ल बलाँ या बाईंनी पुढे १९०७ साली स्त्रियांचा आल्पाइन क्लब स्थापन केला. त्या गावाबाहेर पडल्यावर झगा उतरवून आतल्या विजारीवर चढत आणि परतताना तो पुन्हा घालीत. एकदा झगा वरच राहिला, आणि गावात अब्रूने शिरता यावे म्हणून त्यांना तो आणायला परत चढावे लागले, असे सांगतात. १८९५ साली अमेरिकेच्या ॲनी पेक यांनी गुडघ्याखाली आवळलेली विजार घालून मॅटरहॉर्न सर केले, तेव्हा वृत्तपत्रांतून शिखरापेक्षा विजारीचीच चर्चा अधिक झाली. आणि १९७५ साली एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली स्त्री, जपानच्या जुन्को ताबेई, यांच्या तुकडीने पैशांच्या तुटीमुळे मोटारीच्या बैठकांच्या आवरणांतून हातमोजे शिवले होते. चांगली वस्तू दुकानातूनच येते असे नाही, हे मला त्यावरून पटले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विजार घेताना आपण आधी कापड चाचपतो आणि मग रंग पाहतो. माझ्या मते आधी बेत पाहावा, म्हणजे ती कशी बेतली आहे ते. सर्वसाधारण समज असा की, ढगळ म्हणजे मोकळी. ती चूक आहे. झब्ब्याची बगल फार खाली बेतली तर हात वर करताना सगळा झब्बा वर ओढला जातो. हा अनुभव पुरुषमंडळींना असेलच. विजारीचेही तसेच. दोन पायांचा सांधा जितका खाली लोंबेल तितके कापड दोन्ही मांड्यांना एकत्र बांधते आणि पाय उंच जात नाही. सांधा शरीराजवळ हवा आणि तेथे चार शिवणी एका बिंदूत मिळण्याऐवजी मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा एक जोड हवा. त्यामुळे ताण एका टाक्यावर न पडता जोडाच्या चारी कडांवर वाटला जातो. १९८२ साली कॅलिफोर्नियातील माइक ग्रॅहम या प्रस्तरारोहकाने ‘ग्रामिची’ या नावाने असा जोड असलेल्या विजारी विकायला काढल्या आणि त्या गिर्यारोहकांत फार गाजल्या. आमच्या रायपूरचे जुने दर्जी पायजम्यात असाच जोड देतात आणि त्याला ‘मियानी’ म्हणतात. त्यांना याचे कौतुक नाही, आणि आपल्यालाही नव्हते.

दुसरी जागा गुडघ्याची. गुडघा वाकला की पुढच्या बाजूला कापड कमी पडते, आणि ते वरून, कमरेकडून ओढले जाते. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन टक्स घातले की तेथे वाकायला जागा होते. पायघोळ टाळावा, कारण चढताना आपले पाऊल आपल्याला दिसले पाहिजे. खडकावर बोटभर रुंदीचीच जागा असते, आणि तिच्यावर बुटाचे टोक डोळ्यांनी पाहून ठेवावे लागते. सलवारीचा घेर येथेच नडतो.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती दुकानदार ध्यानात घेत नाहीत. पुरुषांचीच विजार लहान करून तिला फुलांचा रंग दिला की ती स्त्रियांची होत नाही. स्त्रीच्या कमरेच्या आणि नितंबांच्या मापांत अंतर अधिक असते. नितंबांच्या मापाने घ्यावी तर कमरेला सैल होते, मग पट्टा आवळावा लागतो. आणि पट्ट्याचे बक्कल नेमके हार्नेसच्या खाली येऊन पोटात रुतते. म्हणून कमरेची पट्टी रुंद, सपाट, आतून नाडी असलेली असावी, आणि विजारीची मागची उंची पुढच्यापेक्षा चांगली दोन-तीन इंच अधिक असावी, म्हणजे ओणवे झाल्यावर ती खाली सरकत नाही. खिसे खरे असावेत. मुलींच्या विजारीला नुसती खिशाची शिवण मारून आत खिसाच न देण्याची जी रीत पडली आहे, तिचे कारण मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

राहता राहिले कापड. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा; त्यावर गुडघा घासला तर कानशीने घासल्यासारखे होते. तेथे तिरप्या विणीचे सुती ड्रिल चांगले टिकते आणि उन्हात अंगाला सुखावह वाटते. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे, त्यांना सुताची महती सांगायला नको. पण सूत भिजले की जड होते आणि लवकर वाळत नाही. हिमालयाच्या थंडीत ओले सूत अंगावर राहणे धोक्याचे, कारण ते शरीराची ऊब ओढून घेते. तेथे नायलॉन बरे. १९३५ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत निर्माण झालेला हा धागा घासण्याला फार चिवट आहे आणि चटकन वाळतो. मात्र स्टोव्हपाशी जपावे लागते, कारण तो जळण्याआधी वितळून कातडीला चिकटतो. त्याच कंपनीत १९५८ साली ताणला जाणारा स्पँडेक्स धागा निघाला. तो शेकडा दोन ते पाच असला की पुरे. त्याहून अधिक असला की कापड अंगाला घट्ट बसते, पण घासटीला टिकत नाही. शिवाय उकळते पाणी आणि कडक इस्त्री यांनी तो धागा मरतो. मग गुडघ्याला जे पोचे पडतात ते कायमचे.

कापड किती जाड घ्यावे? दर चौरस मीटरला दोनशे ते अडीचशे ग्रॅम वजनाचे कापड या कामाला योग्य. दुकानात हा आकडा क्वचितच सांगता येतो. मी दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक तुकडा कापून घेतला आणि सदर बाजारातल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला. तो सव्वादोन ग्रॅम भरला, म्हणजे चौरस मीटरला सव्वादोनशे. सराफाने कुतूहलाने विचारले, ‘यात जर आहे काय?’

तयार विजार घ्यायची असेल तर दुकानात संकोच करू नये. ती घालून उकिडवे बसावे. मग एक पाय खुर्चीवर ठेवून गुडघा बाहेरच्या बाजूला वळवावा. कमर खाली सरकली, किंवा मांडीच्या आत कापड दोरीसारखे ताठ झाले, तर ती परत द्यावी. नंतर उलटी करून शिवणी पाहाव्यात. कापडाच्या कडा आत दुमडून वरून दोन समांतर टाके घातलेले असावेत. नुसती कड गुंफलेली शिवण ओढीला टिकत नाही. आमच्या मुलीची विजार तशीच होती. किंमत पाहून आम्ही ती उलटी केलीच नव्हती.

अखेर आम्ही गल्लीतल्या शिंपीमास्तरांकडे गेलो. ते बिचारे गणवेश आणि पायजमे शिवणारे. ‘साहेब, मुली पहाडावर चढतात का?’ असे त्यांनी विचारले. २०२१ साली आपल्याच बस्तरच्या नैना सिंह धाकड एव्हरेस्टवर जाऊन आल्या, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली आणि ‘त्यांची विजार कोणी शिवली असेल?’ असा प्रश्न केला. मला उत्तर देता आले नाही. मग आत्याने त्यांना स्वतः बसून समजावले. मियानी मोठी, शंकरपाळी आकाराची. कापड तिरपे धरून कापायचे, म्हणजे ते दोन्ही दिशांना थोडे ताणते. टाका बारीक आणि धागा पॉलिएस्टरचा. मुलीला त्यांनी दुकानातच चार वेळा उकिडवे बसवले. पहिली विजार मागे आखूड झाली, ती मास्तरांनी आपणहून उसवून पुन्हा शिवली. शिलाई आणि कापड मिळून खर्च त्या खास विजारीच्या निम्म्याहून कमी आला.

मुलीने ती घातली, आरशात पाहिली नाही. पलंगाच्या काठावर पाय ठेवून पाहिला, मग खिडकीच्या चौकटीवर. त्या हिवाळ्यात ती पुन्हा शिबिराला गेली. फोनवर मी विजारीची चौकशी केली, तर म्हणाली, “बाबा, आज तिची आठवणच झाली नाही.” पुढचा अर्धा तास ती एका भेगेविषयी बोलत होती, जिच्यात हात मुठीसारखा वळवून अडकवावा लागतो. मला त्यातले फारसे कळले नाही.

परत आली तेव्हा शिवण शाबूत होती. डावा गुडघा मात्र विरला होता. आत्याने पेटीतून जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, बोटांत चुरगळून पाहिला, मऊ म्हणून परत ठेवला, आणि मास्तरांकडे माणूस पाठवून त्याच ड्रिलची उरलेली चिंधी मागवून घेतली.