चयापचयी जनुके आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे पूर्वानुमान

मूत्रपिंडाच्या कर्करोगात एकाच अवस्थेतील, जवळपास सारख्या आकाराची गाठ काढलेल्या दोन रुग्णांपैकी एक अनेक वर्षे निरोगी राहतो, तर दुसऱ्याच्या फुफ्फुसात वा हाडात रोग पुन्हा प्रकट होतो. गाठीची अवस्था आणि पेशीकेंद्रकांच्या स्वरूपावरून ठरविलेली श्रेणी हे पूर्वानुमानाचे प्रचलित आधार होत. त्यांना चयापचयी जनुकांची जोड कितपत देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार ‘क्लिअर सेल’ होय. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पेशी रिकाम्या दिसतात, कारण त्यांत साठलेले ग्लायकोजेन व मेद ऊतींवरील प्रक्रियेत निघून जातात. चयापचयाचा बिघाड असा रोगाच्या नावातच नोंदला गेला आहे! बिघाडाचे मूळ बहुधा तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल जनुकात असते. ते १९९३ मध्ये ओळखले गेले. हे जनुक निकामी झाले की एचआयएफ प्रथिने नष्ट होत नाहीत आणि प्राणवायू पुरेसा असूनही पेशी तो नसल्याप्रमाणे वागते. ती ग्लुकोज अधिक ओढून घेते व नव्या रक्तवाहिन्यांना चालना देते. पेशी प्राणवायूची पातळी कशी ओळखते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु व्हीएचएलमधील बिघाड बहुसंख्य रुग्णांत असल्यामुळे केवळ त्यावरून सौम्य व उग्र रोग वेगळा करता येत नाही. भेद पुढच्या टप्प्यावर दिसतो. अमेरिकेतील कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने २०१३ मध्ये चारशेहून अधिक गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाठींत क्रेब्स चक्राची जनुके मंदावली होती आणि पेंटोज फॉस्फेट मार्गाची व मेदनिर्मितीची जनुके वाढली होती, त्या रुग्णांचे आयुर्मान कमी आढळले.

प्रकल्पाची बरीचशी माहिती सर्वांस खुली आहे. शेंद्र्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयातील अध्यापकही ती उतरवून घेऊन काही जनुके निवडू शकतो, प्रत्येकास भार देऊन धोक्याचा गुणांक काढू शकतो आणि मध्यकाच्या वर-खाली रुग्णांचे दोन गट पाडू शकतो. अशा निबंधांची संख्या आता फार झाली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांतील अनेकांचा पाया कच्चा आहे. ज्या रुग्णांवरून सूत्र बांधले त्यांच्यावरच ते तपासणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधी वाटून परीक्षा घेण्यासारखे होय. शिवाय मध्यक हा त्या समूहाचा असतो; समोर बसलेल्या एकट्या रुग्णास तो लागू पडेलच असे नाही.

याहून गंभीर अडचण २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखविली. मूत्रपिंडाच्या एकाच गाठीच्या निरनिराळ्या भागांतून नमुने घेतले असता, एका भागाची जनुक-अभिव्यक्ती चांगल्या पूर्वानुमानाची, तर दुसऱ्याची वाईट पूर्वानुमानाची निघाली. सुईने काढलेल्या एका तुकड्यावरून दिलेला गुणांक मग कोणत्या भागाचा मानावा?

त्या अमेरिकी प्रकल्पातील बहुसंख्य रुग्ण गौरवर्णीय होते, हीही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पुण्यातील भारतीय कर्करोग जनुकसंच प्रतिष्ठानाने २०२५ मध्ये खुला केलेला माहितीसंग्रह स्तनाच्या कर्करोगापासून सुरू झाला. मूत्रपिंडाच्या गाठींसाठी असे काम करताना प्रत्येक गाठीचे अनेक नमुने घेणे, गुणांकाची सीमा आधीच निश्चित करणे आणि अवस्था व श्रेणी यांच्यापेक्षा तो अधिक काय सांगतो, हे मराठवाड्यातील रुग्णांवरही पडताळणे आवश्यक ठरेल. तोवर या गुणांकाच्या आधारे कोणाचेही औषध वा तपासणी कमी करू नये.